पडद्याचा दुसरा डोळा

पडद्याचा उजवा डोळा आम्ही कित्येक वर्षं पाहिलाच नव्हता. कपाळावरून तिरके उतरलेले, इस्त्री केल्यासारखे सरळ केस त्या डोळ्यावरून गालापर्यंत यायचे आणि तो उरलेल्या एका डोळ्यानं जगाकडे बघायचा. रायपूरच्या बूढ़ापारा या वस्तीतल्या आमच्या गल्लीत या डोळ्याबद्दल बरीच मतं होती. कुणी म्हणे, तो तिरळा आहे. कुणी म्हणे, लहानपणी गिल्ली लागली होती. कोपऱ्यावरचा पानवाला त्याला बघितलं की विचारायचा, "परदा कब उठेगा, भैया?" तेव्हापासून त्याचं नाव पडदा पडलं. शाळेतलं नाव श्रीकांत होतं, पण ते हजेरीपुरतं. समोरच्या घरात राहणारी मीसुद्धा त्याला पडदाच म्हणायची. तो मला 'किताब' म्हणायचा, कारण मी गच्चीवर पुस्तक घेऊनच दिसायची.

तो स्वतःला इमो म्हणवायचा. म्हणजे काय, हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा आम्ही अकरावी-बारावीत होतो. तो सायबर कॅफेत जाऊन परदेशी पोरांची गाणी पेनड्राइव्हवर भरून आणायचा. आधी गिटार हळू रडते, मग गाणारा जोरात रडतो, असं ते संगीत. त्याचा एक गणवेश होता. रायपूरच्या मे महिन्यात, कावळेसुद्धा सावली सोडत नाहीत तेव्हा, पडदा काळा टीशर्ट, मनगटावर काळे पट्टे आणि पायाला चिकटलेली जीन्स घालून सायकलवरून जायचा. ती जीन्स त्यानं पुरानी बस्तीतल्या शिंप्याकडून अरुंद करून घेतली होती. शिंपी म्हणाला होता, "बेटा, सिल तो दूँगा, पर पाँव बाहर कैसे आएगा?" डोळ्यांतलं काजळ काकूंच्या डबीतलं असायचं. काकू म्हणजे त्याची आई. "माझी डबी संपवून राहिला हा पोट्टा," असं त्या सगळ्यांना सांगायच्या आणि नवी डबी आणून ठेवायच्या.

गल्लीला वाटायचं, या मुलाला काहीतरी मोठं दुःख आहे. तसं काही नव्हतं. त्याला फक्त दुःखाची लाज वाटत नव्हती. दुसऱ्या कुणाला ते झालं की ते त्याला लांबून ओळखू यायचं.

मी बारावीत असताना माझी आई गेली. घर पाहुण्यांनी भरलं होतं. प्रत्येक जण माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणत होता, "शहाणी पोट्टी आहे, रडली नाही बघा." मीही ते कौतुक म्हणून घेतलं. काही आठवड्यांनी पडदा मला बूढ़ा तलावाच्या काठावर भेटला. त्यानं इअरफोनचं एक टोक माझ्या हातात दिलं. "एक कान तुझा, एक माझा," तो म्हणाला. गाणं इंग्रजी होतं आणि गाणारा इतका ओरडत होता की मला एकही शब्द कळला नाही. ते संपल्यावर तो म्हणाला, "किताब, तू रडलीच नाहीस ना? रडायचं तर नीट रड. कोणी बघून राहिलं तर बघू दे. आपल्याकडे तर तसंही सगळे बघतातच." मी रडले. त्यानं समजूत घातली नाही, पाणी आणून दिलं नाही. पुढचं गाणं लावलं आणि तलावाकडे बघत बसला. नापास झालेली, घरी मार खाल्लेली, कुणी सोडून गेलेली पाऱ्यातली कितीतरी मुलं त्या काठावर त्याच्या शेजारी अशी बसून गेली.

त्याचा एक बँडही होता. ड्रमवर डोमन. त्याच्या वडिलांचे भनपुरीला ट्रक होते, आणि ट्रकांच्या मागच्या रिकाम्या गोदामात सराव चालायचा. तिथल्या हॉर्नच्या गोंगाटात त्यांचं ओरडणं कुणाच्या कानावर येत नसे. गिटारवर सनी, कापडवाल्याचा मुलगा. तिघांचे केस सारखेच, फक्त सनीचा पडदा डाव्या डोळ्यावर. "सामने से देखो तो दोनों मिलके एक पूरा आदमी," डोमन म्हणायचा.

या सगळ्याला विरोध एकाच माणसाचा होता, पडद्याच्या वडिलांचा. काका सरकारी कचेरीत होते आणि गुरुवारी मंडळात भजनाला पेटी वाजवायचे. गाण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. एकदा दाराशी उभं राहून त्यांनी मुलाचं गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "ओरड, काही हरकत नाही. पण सुरात ओरड." राग होता तो केसांवर. रविवारी सकाळी ते पायांत चपला सरकवून अंगणात उभे राहायचे. "चल, न्हाव्याकडे जाऊ." पडदा आतून ओरडायचा, "आज नाही, बाबा!" काका एकटेच दाढी करून यायचे. वर्षानुवर्षं हे असं चाललं होतं आणि आम्हाला त्यात भांडण दिसत नव्हतं. ती त्या घराची रविवारची रीत होती.

एका गणपतीत मात्र ते बिघडलं. मंडळाच्या कार्यक्रमात काका पेटी वाजवणार होते आणि मुलानं शेजारी बसून एक अभंग म्हणावा, अशी त्यांची इच्छा होती. पडदा तयार झाला. काका म्हणाले, "पण केस कापून." तो म्हणाला, "केसांनी म्हणायचंय का मी?" आवाज चढत गेले. मी गच्चीवर होते, सगळं ऐकू येत होतं. शेवटी काका म्हणाले, "काहून इतका हट्ट रे? मी मेल्यावर तरी कापशील की नाही?"

"हव," पडदा म्हणाला. "तेव्हाच कापीन."

त्या गणपतीत काकांनी एकट्यानंच पेटी वाजवली. दिवाळीच्या आधी, कचेरीत खुर्चीवर बसल्या बसल्याच, ते गेले.

पडदा रडला नाही. अग्नी देताना नाही, अस्थी आणताना नाही. लोक आता त्याच्याबद्दल म्हणू लागले, "शहाणा आहे, सावरलं त्यानं." मला ते शब्द ओळखीचे होते. मी इअरफोन घेऊन त्यांच्या ओसरीवर गेले, तसा त्यानं मान हलवली. "नको, किताब. मी बोललो होतो ना. मैंने ही बोला था, तेव्हाच कापीन." केस बाजूला न करता तो खाली बघत होता. "आता परवा कापणार. त्यांचंच खरं झालं. आणि मले रडू येऊन नाही राहिलं. कोणत्या तोंडानं येईल?" ज्यानं अख्ख्या पाऱ्याला रडायला शिकवलं, त्याच्याच डोळ्यांत पाणी नव्हतं. मला याची भीती वाटू लागली.

दहाव्या दिवशी बायका घरी राहिल्या आणि पुरुष महादेवघाटावर गेले. तिथलं मी माझ्या बाबांकडून ऐकलं. न्हावी वस्तऱ्याला धार लावून बसला होता आणि पडदा त्याच्यासमोर दगडासारखा बसला होता. केस खाली पडू लागले तरी चेहरा तसाच. तेवढ्यात घाटावर दोन स्कूटर येऊन थांबल्या. डोमन, सनी आणि बँडमध्ये कधीमधी बसणारे आणखी दोघं उतरले. चौघांचीही डोकी गुळगुळीत भादरलेली होती. भनपुरीच्या न्हाव्याकडून ते आधीच उरकून आले होते.

गुरुजी उठून उभे राहिले. "अरे, हे काय? तुमचे वडील आहेत ना? बाप जिवंत असताना मुंडन करतात का कुणी? हे तर मुलानं करायचं असतं, भाऊबंदांनी!"

डोमन घाबरला. त्याच्या गावी दशगात्राला, म्हणजे दहाव्याला, नाती-गोती असलेले सगळेच पुरुष डोकी भादरतात. इथंही तसंच असेल, असं त्यानं गृहीत धरलं होतं आणि बाकीच्यांनाही तसंच सांगितलं होतं. "हमर गाँव मा तो सब्बो झन मुंडाथें, महराज," तो पुटपुटला. "हमको लगा, अपन भी घर के हैं."

पडद्यानं वळून बघितलं. अर्धं डोकं झालेलं, अर्धं राहिलेलं. त्याची नजर सनीच्या डोक्यावर थांबली. ते मागून चपटं होतं, इतकी वर्षं केसांखाली लपलेलं. "साले, तेरा सिर तो पपीता है," पडदा म्हणाला आणि हसायला लागला. बाबा सांगत होते, "हसला, हसला, आणि हसता हसता कधी रडायला लागला ते कळलंच नाही. न्हाव्यानं वस्तरा बाजूला ठेवून दिला. असा रडला ग तो, घाटावरचे लोक थांबून बघत होते." मी मनात म्हटलं, बघू दे.

ते परतले तेव्हा मी काकूंजवळ दारातच होते. गल्लीतून पाच तुळतुळीत डोकी येत होती, पांढऱ्या पंच्यांत, डोळे सुजलेले. काकू त्या दिवसांत कुणाशी बोलत नव्हत्या. पोरं उंबऱ्याबाहेर पायांवर पाणी घ्यायला वाकली, तशा त्या पुढे झाल्या आणि एकेका डोक्यावर हात ठेवत म्हणाल्या, "देवा रे. यातला माझा कोणता?"

त्यांचा होता तो तिसरा. त्यानं मान वर केली आणि त्या दिवशी गल्लीनं त्याचा दुसरा डोळा पाहिला. तिरळा नव्हता, जखम नव्हती. साधा, मोठ्या पापणीचा, कडेला थोडा उतरता डोळा. पण दोन्ही डोळे एकत्र दिसले आणि काकू मागे सरकून भिंतीला टेकल्या. ते हुबेहूब काकांचे डोळे होते.

संध्याकाळी सनीचे वडील आले. गल्लीच्या तोंडापासूनच त्यांचा आवाज येत होता. "मैं मर गया हूँ क्या? जीते-जी बाप के, सिर मुंडाके घर आया! इसकी माँ का रो-रोके बुरा हाल है!" काकूंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. "भैया, बच्चे हैं, चूक झाली. तुमको सौ साल उमर मिले." ते पाणी प्यायले. समोर पडदा उभा होता. त्याच्याकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. "ठीक है," ते म्हणाले, "बाल तो आ जाएँगे." आणि जाताना त्याच्या डोक्यावरून, घाईघाईत, हात फिरवून गेले.

त्याच थंडीत एका कॉलेजच्या कार्यक्रमात बँडला गायचं होतं. केस अजून बोटभरही आले नव्हते. पाच टकली बघून मागून कुणीतरी ओरडलं, "महाराज, भजन सुनाओ!" हशा झाला. पडद्यानं सोबत काकांची पेटी आणली होती, हे कुणालाच माहीत नव्हतं. तो मांडी घालून बसला, भाता उघडला आणि पेटीवर आपलं तेच ओरडणारं गाणं गायला लागला. मला गाण्यातलं फार कळत नाही. पण तो त्या दिवशी सुरात ओरडत होता, एवढं मला कळलं.

मग काकू स्वतःच त्याला म्हणाल्या, "वाढव रे केस. तुझ्याकडे बघवत नाही." त्यानं वाढवले. पुढे इमो कुणी राहिलं नाही. सनी दुकानावर बसला, डोमननं ट्रक सांभाळले. मी पुस्तकांच्या नादात प्राध्यापक झाले. पडदा एका स्टुडिओत छत्तीसगढी गाण्यांचं रेकॉर्डिंग करायचा. बिदाईची गाणी त्याच्याकडूनच करून घ्यावीत, असं लोक म्हणत, कारण गाणारी बाई रडायला लागली तर तो मशीन बंद करत नसे. केस अजून डोळ्यावर असायचे, पण रविवारी सकाळी तो ते मागे सारून बसे आणि पेटी पुसत असे. माझं कुठलंही दुःख त्याला फोनवरसुद्धा कळायचं. "बोल, किताब," तो म्हणायचा, "एक कान दे."

गेल्या उन्हाळ्यात शहरात कावीळ पसरली. त्यानं ती अंगावर काढली. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं. अग्नी चुलतभावानं दिला.

दहाव्या दिवशी सकाळी मी काकूंपाशी होते. पुरुष घाटावर जायला निघत होते. तेवढ्यात दाराशी एक गाडी थांबली. आतून सनी उतरला आणि मग त्याचा हात धरून, काठी टेकत, त्याचे वडील. पायऱ्या चढायला त्यांना वेळ लागला. ते काकूंसमोर येऊन उभे राहिले.

"भाभीजी," ते म्हणाले, "पिछली बार ये बिना पूछे गया था. इस बार मैं खुद लेके आया हूँ."

काकूंनी हात जोडले. "भैया, तुम्ही आहात ना अजून. असं करू नये."

"मैं हूँ, तभी तो लाया हूँ," म्हातारे म्हणाले.

दुपारी चुलतभावाच्या पुढे हे चौघं परतले. सनी, डोमन आणि बँडमधले ते दोघं. डोमनचे वडील मधल्या काळात गेले होते, त्यामुळे त्याला आता कुणी हरकत घेणार नव्हतं. सनीचं डोकं मागून अजून तसंच चपटं होतं. चौघं उंबऱ्याबाहेर पायांवर पाणी घ्यायला वाकले. काकू पुढे झाल्या आणि एकेका डोक्यावर हात ठेवत गेल्या. सावकाश, शेवटच्यापर्यंत. मग हात तसाच हवेत राहिला.

त्यांनी काहीच विचारलं नाही. मी दारातच रडले, चेहरा न झाकता. गल्ली बघत होती.