पट्ट्यांची खुर्ची

अकोटला आमच्या समोरच्या खोलीत मुलींच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या बाई भाड्याने राहायला आल्या, तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एकट्या बाईमाणसाला खोली द्यायची म्हणून सासूबाई आधीच कुरकुरत होत्या. त्यात बाई भंगार घरी आणू लागल्या. कापसाच्या गाठी आवळायच्या लोखंडी पट्ट्या, गंजलेल्या, वाकलेल्या, जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकाबाहेर फेकून दिलेल्या. शाळेतून येताना हातात एखादं वेटोळं असायचंच.

"काहून जमा करून राहिली हे?" सासूबाई मला विचारायच्या. "मास्तरीन हाय का भंगारवाली?"

मलाही ते ठीक वाटत नव्हतं. बाई दार लावून काहीतरी ठोकत बसायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "करून पाहतेय. जमलं तर दाखवीन."

माझे यजमान त्याच जिनात कारकून. एक दिवस ते भरदुपारी घरी आले, चेहरा उतरलेला. मशीनच्या पितळी बेअरिंगा चोरीला गेल्या होत्या आणि मॅनेजर सगळ्यांकडेच वाकड्या नजरेनं पाहत होता. "जिनातलं लोखंड आपल्या घरात येऊन राहिलं. उद्या माझंच नाव घेतीन," ते म्हणाले. बाईंच्या बंद दाराकडे पाहत पाहतच ते जेवले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर चौकीदाराला घेऊन आलाच. बाईंनी दार सताड उघडलं. आत पितळ कुठंच नव्हतं. मधोमध एक खुर्ची होती. बाभळीचा सांगाडा, आणि त्यावर घासून काळ्याभोर केलेल्या पट्ट्या, खाटेच्या नवारीसारख्या विणलेल्या. अशी खुर्ची मी कधी पाहिली नव्हती. मॅनेजरनं ती दाबून, हलवून पाहिली.

"कोणत्या कारखान्यासाठी करता हे?"

"कोणत्याच नाही. मला बसायला."

त्याला ते पटलं नाही. तपास करायचा म्हणून त्यानं खुर्ची उचलून नेली.

पुढं बेअरिंगा परतवाड्याच्या एका भंगारवाल्याकडे सापडल्या. जिनातल्याच फिटरनं विकल्या होत्या. खुर्ची मात्र परत आली नाही.

"साहेब तिच्यावरच बसतात आता," यजमान मला हळूच म्हणाले.

मी ते बाईंना सांगितलं, तशा त्या पदर खोचून जिनात गेल्या. तिथं काय झालं ते यजमानांनी डोळ्यांनी पाहिलं. मॅनेजर व्यापाऱ्यांना निरोप द्यायला उठला होता. बाई सरळ जाऊन खुर्चीत बसल्या.

"चोरीची असेल तर पोलिसांना बोलवा," त्या म्हणाल्या. "नसेल तर आत्ताच्या आत्ता घरी पोचती करा."

व्यापारी हसायला लागले. मॅनेजरचा चेहरा पडला. चौकीदार खुर्ची डोक्यावर घेऊन बाईंच्या मागं मागं आमच्या दारी आला.

संध्याकाळी बाईंनी ती अंगणात मांडली आणि सासूबाईंना बसा म्हणाल्या. सासूबाईंनी आधी खुर्ची उलटी करून खालून नीट पाहिली. मग बसल्या, पाठ टेकली, आणि दिवेलागणीपर्यंत काही उठल्या नाहीत.

"मले बी एक करून दे," शेवटी त्या म्हणाल्या. "पन पट्ट्या बजारातून आन बरं. जिनातल्या नोको."