तिसऱ्या शिफ्टचं शेवटचं मिनिट

तेराव्यानंतरचा रविवार, सकाळची वेळ, कॉलेजचा खालचा हॉल. हजर माणसं साठेक. त्यात मुंगसे सरांची जुनी पोरं, संस्थेचे दोन पदाधिकारी, पुढच्या रांगेत सरांच्या पत्नी सुमनवहिनी आणि त्यांच्यामागे मी. आणि आकडा : एकशे बारा विरुद्ध एकशे पंधरा. वीस वर्षांपूर्वीच्या बास्केटबॉलच्या एका अंतिम सामन्याचा हा निकाल शोकसभेत निघायचं काही कारण नव्हतं, पण खर्डेकर सरांनी तो काढला. खर्डेकर म्हणजे शहरातल्या मोठ्या कॉलेजचे निवृत्त क्रीडासंचालक; त्या सामन्यात एकशे पंधरा त्यांच्या संघाचे होते. माईक हातात घेऊन ते म्हणाले, “मुंगसे दिलदार माणूस. इतका दिलदार, की शेवटच्या मिनिटाला चांगले पाच बाहेर बसवले, कच्चे पाच आत पाठवले आणि चषक आमच्या हातात ठेवला! बास्केटबॉल त्यांना कळला नाही, पण माणूस सोन्यासारखा.” लोक हसले. शोकसभेत हसायला मिळालं की लोकांना हलकं वाटतं. त्या ‘कच्च्या’ पाचांपैकी बबन भिंतीला टेकून उभा होता, तो बाहेर निघून गेला. वहिनींनी मान वर केली नाही. हा लेख सरांच्या आठवणीचा आहे, पण राग शांत झाल्यावर लिहिलेला नाही, एवढं आधी सांगून ठेवतो.

मी मूळचा अंबाजोगाईकडचा. चाकणच्या एका कंपनीत कॉस्टिंगला लागलो तेव्हा कुरुळीत मुंगस्यांच्या खोल्यांपैकी एक भाड्याने घेतली. जमिनी कंपन्यांत गेल्यावर गावातल्या बऱ्याच घरांनी अशा खोल्या बांधल्या होत्या. घरातले थोरले विलास मुंगसे जवळच्याच एका छोट्या डिप्लोमा कॉलेजात खेळाचे शिक्षक. पहिल्याच आठवड्यात दारात येऊन म्हणाले, “सोळंके, आकडेमोडीचं काम करता म्हनं? मंग रविवारी टेबलावर बसा. आमचा स्कोर लिहायला मानूस न्हाई.” मी म्हणालो, मला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही. “बेरीज येती न्हवं? बास झालं.” असा मी स्कोरर झालो आणि पुढे आयुष्यभर त्यांचा मित्र.

मैदान म्हणजे सिमेंटचा एक तुकडा आणि वेल्डिंगच्या दुकानातून करून आणलेले दोन खांब. पोरं बुटकी, आणि त्यातली निम्मी कंपन्यांत अप्रेंटिस. कोणाची फर्स्ट शिफ्ट, कोणाची सेकंड, कोणाची नाईट. सगळा संघ एका वेळी मैदानावर आलेला मी कधी पाहिला नाही. पाच यायचे, पाच जायचे. दुसरा एखादा रडत बसला असता. सरांनी त्यातूनच खेळ काढला. पंधरा पोरांच्या तीन शिफ्ट केल्या. एका शिफ्टने मिनिटभर खेळायचं, पण जीव तोडून. समोरच्याने बॉल हातात घेतल्यापासून त्याच्या अंगावर जायचं, पूर्ण मैदानभर. बॉल मिळाला की विचार न करता मारायचा, शक्यतो तीन गुणांच्या रेषेबाहेरून. मग पाचही बाहेर, दुसरे पाच आत. सर आपल्या जेवणाच्या डब्याचं झाकण घेऊन त्यावर चमच्याने ठोकायचे. ठोकलं की पुढची शिफ्ट उठून टेबलापाशी यायची. बॉल बाहेर गेला की अदलाबदल. दुसरे संघ एका सामन्यात साठ-सत्तर गुण करत, तिथे आमच्या सामन्यांत दोन्हीकडे शंभर व्हायचे. माझा हात लिहून लिहून दुखायचा.

ही पद्धत वेडेपणाची नव्हती हे मी आकड्यांवरून सांगू शकतो. लांबून तीनदा मारला आणि एकदा पडला तरी तीन गुण. जवळून तीनदा मारून एकदा पडला तर दोनच. आमच्या पोरांना उंचांच्या गर्दीत शिरण्याची गरजच उरली नाही. समोरचे पाच-सहा चांगले खेळाडू पूर्ण वेळ पळत, आमचं प्रत्येक पोरगं त्याचा तिसरा हिस्सा पळे. आणि कॉलेजात ज्याला पाणी द्यायला सुद्धा कोणी घेतलं नसतं असा पंधरावा पोरगाही प्रत्येक सामन्यात खेळे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अंगावर जाणारा एक जण चुकला की मागे कोणी नसे. समोरच्याला मोकळा बास्केट. पोरांचे घोटे सिमेंटवर जायचे. दोघं ओव्हरटाइमला अडकले की एक शिफ्ट मोडे आणि सगळंच कोसळे. आणि संथ खेळायची वेळ आली तर आमच्या पोरांना काय करावं ते कळत नसे. आघाडी सांभाळणं हा प्रकारच त्या पद्धतीत नव्हता.

हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. “सर, आपण त्यांना फुकटचे बास्केट देतो.”

“द्येतो की.”

“किती ते सांगू का?”

“नगं. तुमी फकस्त एक बघा. तो फुकटचा बास्केट सुरवातीला पडतो. शेवटी शेवटी तोच गडी त्याच जागी एकटाच येतो, पन पाय संपल्यालं असत्यात. दमलेल्याचा बॉल आखूड पडतो, सोळंके. लांब जात न्हाई, आखूडच पडतो.”

त्या वर्षी आमचं कॉलेज पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचलं. सुरू होण्याआधी खर्डेकर आमच्या बाकापाशी आले आणि पोरांच्या देखत म्हणाले, “मुंगसे, ही टीम आहे की कंपनीची बस? सारखी चढउतार!” सर हसले. मी शेजारी होतो म्हणून मला झाकणावरची बोटं पांढरी झालेली दिसली. शेवटच्या मिनिटाला दोन्हीकडे एकशे बारा. पाळी तिसऱ्या शिफ्टची, म्हणजे बबनच्या पाचांची, आमच्यातल्या सर्वांत कच्च्यांची. स्कोररने बोलू नये, तरी मी पुटपुटलो, “सर, फर्स्ट शिफ्ट उतरवा.” त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. झाकण वाजलं. बबन बॉल हिसकवायला गेला, चुकला, आणि त्यांचा रणजित नावाचा उंच पोरगा त्याला ओलांडून सरळ आमच्या बास्केटखाली. बबनने मागून धावत जाऊन त्याला धरला, तरी बॉल पडला. दोन गुण, वर फाउलचा एक. एकशे पंधरा, आणि वेळ संपली. खर्डेकरांनी हस्तांदोलन करताना म्हटलेले शब्द मी विसरलेलो नाही : “आभारी आहे मुंगसे. भेट आवडली.”

त्या संध्याकाळी मी सरांशी भांडलो. ते एवढंच म्हणाले, “शेवटच्या मिनिटाला ज्याला घरी बसवला, त्याला पयल्या मिनिटाला पळ म्हनू कुठल्या तोंडानं?” वाक्य चांगलं आहे. निर्णय चुकीचा होता असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. पण तो कळत नसलेल्या माणसाचा निर्णय नव्हता, आणि खर्डेकरांना हे ठाऊक होतं. कारण पुढच्याच वर्षापासून त्यांचा संघ पूर्ण मैदानभर अंगावर जाऊन खेळायला लागला. कोणाकडून शिकले, हे त्यांनी शोकसभेत सांगितलं नाही. आमच्या संस्थेने मात्र ‘हसं झालं’ म्हणत पुन्हा संघच पाठवला नाही. परतीचा सामना राहून गेला तो राहूनच गेला.

सरांनी नंतर शाळेतल्या पोरांना खो-खो शिकवला, निवृत्त झाले, दोन वर्षं डायलिसिसवर काढली. मी तोवर तळेगावला घर केलं होतं, पण महिन्यातून एकदा कुरुळीला जायचो. शेवटचं भेटलो तेव्हा ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. बोलता बोलता मध्येच म्हणाले, “खर्डेकर हाय का हो अजून?”

“आहे. निगडीला जुन्या खेळाडूंचा क्लब चालवतो. दर रविवारी खेळतात.”

“त्याला एक डाव द्यायचा राह्यला…” वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा हसून म्हणाले, “ह्यांला बिनसाखरेचा दे. हिशेबी मानूस, साखर मोजत बसल.”

म्हणून शोकसभा संपल्यावर मी चपला घालायच्या आधी खर्डेकरांना गाठलं. म्हणालो, “सर, एक सामना खेळू. तुमची जुनी पोरं, आमची जुनी पोरं.” त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. “अहो सोळंके, आमची पोरं दर आठवड्याला खेळतात. तुमच्यांना जिना चढवेल का?” मी म्हणालो, “जिना नको, एक मिनिट पळायचंय.” ते मोठ्याने हसले आणि हो म्हणाले.

हिंजवडीला कंपनीची कॅब चालवणारा, चाकणला वर्कशॉप असलेला, शिफ्ट इन्चार्ज झालेला… जमवून जमवून पंधरा झाले. बबन तयार नव्हता. “सोळंके भाऊ, मला परत त्याच जागी हुबा करताय व्हय?” मी म्हणालो, “हो. त्याच जागी.” महिनाभर रविवारी सराव केला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की चाळिशीच्या, सुटलेल्या पोटाच्या माणसांसाठी सरांच्या पद्धतीइतकी चोख दुसरी पद्धत नाही. यांच्यात दम मिनिटाचाच होता, आणि पद्धत मिनिटच मागत होती.

सामना निगडीला, त्यांच्या मैदानावर झाला. ते सात जण होते, सगळे सडसडीत, त्यात रणजितही. सरांच्या जागी मी बसलो. शेजारी वहिनी, मांडीवर ते झाकण; चमच्याने ठोकून ठोकून मधोमध खोल गेलेलं. पहिल्या अर्ध्यात आम्ही चौदा गुणांनी मागे. फुकटचे बास्केट पडतच होते. खर्डेकर पलीकडून ओरडले, “बस आली का तुमची?” तिसऱ्या भागात रणजित कमरेवर हात ठेवून उभा राहायला लागला. चौथ्या भागात त्यांचे चौघे बदली मागत होते आणि खर्डेकरांकडे दोघंच शिल्लक होते. शेवटचं मिनिट संपत आलं तेव्हा आमचे एकाहत्तर, त्यांचे एकोणसत्तर. बॉल बाहेर गेला. मैदानावर आमची फर्स्ट शिफ्ट होती, पाळी तिसरीची, कारण दुसरी शिफ्ट पाय मुरगळल्याने तिघांवर आली होती आणि मी ती वगळली होती.

खरं सांगतो, मला सरांची पद्धत नको होती, मला सूड हवा होता. मी फर्स्ट शिफ्ट आत ठेवणार होतो. तेवढ्यात झाकण वाजलं. वहिनींनी माझ्याकडे न बघता पुन्हा ठोकलं. “पाळी त्यांची हाय,” त्या म्हणाल्या.

बबनचे पाच आत गेले. बबन बॉल हिसकवायला गेला. चुकला. रणजित त्याला ओलांडून आमच्या बास्केटखाली एकटा. मी डोळे मिटले नाहीत, आकडा लिहायची सवय आहे. बबन मागे धावत होता, पण या वेळी फाउल करण्याइतकाही जवळ पोचला नाही. रणजितने उडी मारली. ती वीतभरच निघाली. बॉल कड्याच्या पुढच्या काठावर आपटला आणि परत फिरून सरळ, उशिरा पोचलेल्या बबनच्या छातीवर आला. त्याने तो पोटाशी धरला आणि उरलेले दोन-तीन सेकंद संपेपर्यंत तसाच वाकून उभा राहिला. वर दोघं लटकले होते, तरी त्याने सोडला नाही.

मी खर्डेकरांपाशी गेलो, हात पुढे केला आणि म्हणालो, “आभारी आहे सर. भेट आवडली.”

“नशीब,” ते म्हणाले.

“नशीब नाही सर. पाय.”

हे म्हणताना मला वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

परतताना वहिनींना कुरुळीला सोडलं. डब्याचे बाकीचे कप्पे स्वयंपाकघरात रॅकवर आहेत. त्यावर आता ताटली झाकतात, कारण ते झाकण बसत नाही. मी झाकण त्यांच्या हातात द्यायला गेलो तर त्यांनी विचारलं, “तवा कितीनं हरलो होतो हो आपन?”

“तीनने.”

“आन् आज?”

“दोनने जिंकलो.”

“मंग ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच,” त्या म्हणाल्या आणि कडी काढून आत गेल्या. झाकण आता माझ्या टेबलावर आहे. द्यायचे होते तीन गुण. खर्डेकरांना पोचले दोन.