समोरच्या बाजूचे पंधराजण

आमची आत्या चौदा वर्षं हंगामी शिक्षिका होती. दर वर्षी नेमणुकीचा नवा आदेश, दर वर्षी नवी धाकधूक. आतोबांची नजर गेल्यापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं.

यंदा हेडसरांनी स्पष्टच सांगितलं, "शनिवारी तपासनीस येतायत. तुमच्या तिसांपैकी पंचवीस मुलांना वीसपर्यंत रोमन अंक लिहिता आले, तर तुमचा आदेश निघेल. नाहीतर वर्ग दुसऱ्या तुकडीत टाकायचं ठरलंय."

आत्या निर्धास्त होती. तिचा वर्ग म्हणजे पूर्वीची सामानाची खोली. लांबट आणि अरुंद. फळ्यापुढे जुन्या बाकांची थप्पी. म्हणून मध्ये एक लांब फळी टाकून दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मुलं समोरासमोर बसायची. आत्या दाराच्या बाजूला बसून फळीवर गूल मोडलेल्या काडेपेटीच्या काड्या मांडायची. "हे नऊ!" म्हटलं की तीस गळे ओरडायचे, "नऊ!" मग मुलं स्वतः मांडायची. तीन महिन्यांत चूक अशी झालीच नव्हती. वहीत लिहिणं तिने मुद्दाम मागे ठेवलं होतं. आधी हात बसू दे, मग पेन्सिल, असं तिचं म्हणणं.

गुरुवारी तिने पहिल्यांदा कागद वाटले. तपासायला घेतले आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. पंधरा कागदांवर नवाच्या जागी XI, अकराच्या जागी IX. पाच तर घराच्या छपरासारखे, टोक वर. सगळ्यांची चूक अगदी एकसारखी.

"एकमेकांचं बघून लिहिलंत!" ती कडाडली. "पालथ्या घड्यावर पाणी! तीन महिने कुणाला शिकवलं मी? भिंतींना?"

समोरच्या, खिडकीच्या बाजूची एक पोर उठली. चिवचिवाट करायची म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे.

"बाई, आम्ही नाही बघून लिहिलं. तुम्ही एकदा आमच्याकडे येऊन बसा ना."

आत्या रागारागाने पलीकडे जाऊन बसली. दाराकडच्या मुलाने नऊ मांडले. तिला अकरा दिसले.

पंधरा मुलांना तिने तीन महिने उलटंच दाखवलं होतं. ती मुलं मांडायची तेव्हा तेही उलटं, म्हणून तिच्या बाजूने बरोबर दिसायचं. आत्याने कपाळाला हात लावला.

शुक्रवारी तिने फळी उचलली, बाकं बाहेर ओढली, फळा मोकळा केला. सकाळपासून शाळा सुटेपर्यंत एकच धडा. पण आता बरोबर लिहिणारेही गोंधळले. "बाई, खरं कुठलं? कालचं की आजचं?" एकाने तर कागद फिरवून विचारलं, "असं धरू की तसं?" कुणी हसलं नाही. शेवटी आत्याचा आवाजच बसला.

शनिवारी सतरा कागद बरोबर निघाले. तेरा चुकले.

तपासनिसांनी चष्मा काढला. हेडसरांनी आत्याला दारामागे घेतलं. "एक वाट आहे. ही तेरा मुलं मंदगती म्हणून नोंदवू. कच्च्या मुलांसाठी जादा शिक्षक ठेवता येतो. तुम्हीच राहाल. फक्त सही हवी."

"मुलं कच्ची नाहीत हो सर. चूक माझी आहे."

"मग तसं लिहून द्या. सोमवारपासून येऊ नका."

आत्याच्या डोळ्यांसमोर आतोबा होते, भिंत चाचपत मोरीकडे जाणारे. तिने सही केली. तेरा नावं तिच्याच सुवाच्य अक्षरात उतरली. चिमणीचं नाव चौथं. संध्याकाळी तेराही घरी तशी चिठ्ठी गेली.

सोमवारी ती तेरा मुलं वेगळ्या खोलीत बसली. शेजारच्या वर्गातली पोरं दारातून डोकावून चिडवत होती, "कच्चे लिंबू! कच्चे लिंबू!" आत्याने दार लावून घेतलं.

"बाई," चिमणीने विचारलं, "मी खरंच कच्ची आहे?"

आत्याने खडू उचलला आणि ती फळ्याकडे वळली.

"आईने काल मला मारलं," मागून चिमणी म्हणाली. "म्हणाली, बाई खोटं कशाला लिहितील?"