आईच्या हाताचं माप

पाचगणीच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली तेव्हा आई कामावरून तशीच धावत आली होती, बोटातलं अंगुस्तानही काढलं नव्हतं. तिथल्या एका निवासी शाळेच्या शिवणखोलीत ती मुलांच्या कपड्यांची डागडुजी करायची. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा नवरा प्रकाश ओरगडमच्या ट्रक कारखान्यात आधीच रुजू झाला होता आणि मी संसार घेऊन चेन्नईला निघाले होते. माझ्या कापडी पिशवीतून विणायच्या सुया डोकावत होत्या. त्या बघून आई म्हणाली, "मद्रासला लोकर नेतेस? समुद्राकाठी मीठ विकायला निघालीस की काय?" गाडीतल्या दोन बायका हसल्या. मला राग आला, आणि त्या रागात मी खिडकीतून नीट हातसुद्धा हलवला नाही. सव्वीस वर्षांची घोडी होते मी, पण अक्कल तेवढीच.

ते विणकाम मला आईनेच शिकवलं होतं. शिवणखोलीत हिवाळ्यात हात गारठायचे आणि सुई तर धरायची असायची, म्हणून ती बोटं उघडी राहतील असे हातमोजे विणायची. तळवा, मनगट आणि अंगठ्याचं मूळ झाकलेलं, पुढे सगळं मोकळं. पोस्टमनला, शाळेच्या आचाऱ्याला, स्ट्रॉबेरी खुडणाऱ्या बायकांना, सगळ्यांना तिचेच हातमोजे. तिचा नियम एकच, ज्याला द्यायचे त्याचा हात हातात घेतल्याशिवाय सुईवर टाके घालायचे नाहीत. टेप नाही, कागदावर ठसा नाही. ती समोरच्याची मूठ आपल्या दोन्ही हातांत धरायची, जरा दाबायची, पेरांवरून अंगठा फिरवायची आणि आकडा सांगायची, चाळीस टाके, नाहीतर चव्वेचाळीस. "माप हाताला विचारावं, माणसाला नाही," असं म्हणायची. पोस्टमन लाजायचा.

चेन्नईत पहिली दोन वर्षं सुया कपाटातच राहिल्या. घामेजल्या बोटांना लोकर चिकटायची. वेस्ट मांबलमच्या आमच्या इमारतीत खाली सावित्रीबाई राहतात, मूळच्या तंजावरच्या. त्यांची मराठी ऐकली की वाटतं, कुणी जुनं दप्तर तमिळ चालीवर वाचतंय. एकदा डिसेंबरात त्या माकडटोपी घालून वर आल्या. बाहेर चांगलं चोवीस डिग्री होतं आणि मी पंख्याखाली बसले होते. "माझ्या नातीच्या आफीसांत एसी फार हो," त्या म्हणाल्या. "कै गारठती तिची. कंप्यूटर बडवायला बोट तर पाहिजे. तुला काय येतं तर करून दे, मा." कै म्हणजे हात, एवढं तोवर मला कळायला लागलं होतं.

नातीचा हात हातात घेतला, अडतीस टाके घातले आणि पंधरा दिवसांत जोडी दिली. मग तिच्या मैत्रिणी आल्या. मग श्रीपेरुंबुदूरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात पाळीला जाणाऱ्या दोघी आल्या, त्यांना विकत नको होते, शिकायचं होतं. बघता बघता दर रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये वर्ग भरायला लागला. फिल्टर कॉफी, लोकरीचे गुंडे, तमिळ, इंग्रजी आणि मधूनच माझं "अगं, टाका सुटला बघ." आईचा नियम मी काटेकोरपणे शिकवला. एकमेकींचे हात धरून बसलेल्या त्या पोरी आधी खिदळायच्या, मग गप्प होऊन मोजायच्या. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे मीठ खपलं म्हणायचं." तिच्या आवाजात अभिमान होता. मला तो ऐकायची सवय झाली, आणि तिथेच माझं चुकलं.

कारण दर सुट्टीला पाचगणीला जायचं राहू लागलं. मुलीची परीक्षा, प्रकाशची पाळी, माझा वर्ग. सबबींना काय तोटा? पहिल्यांदा एक वर्ष गेलं, मग सलग तीन. आई निवृत्त झाली तरी शाळेतून शिवायचे कपडे घरी आणायची. गेल्या वर्षी जानेवारीत फोनवर सहज म्हणाली, सकाळी बोटं वळत नाहीत गं, सुई सटकते. मी लगेच निळी लोकर आणली. आईचा हात मला पाठ होता. लहानपणापासून धरलेला हात, त्याला पुन्हा काय विचारायचं? चाळीस टाके घातले आणि आठ दिवसांत पार्सल केलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ते हेच.

व्हिडिओ कॉलवर तिने दोन्ही हात वर करून दाखवले. "अगदी बरोब्बर बसले. तुझा हात बसलाय आता." पुढच्या रविवारी मी वर्गात सगळ्यांना ते कौतुकाने सांगितलं.

या फेब्रुवारीत चार दिवसांसाठी गेले. सकाळी चांगलं गारठलेलं होतं आणि आई उघड्या हातांनी चुलीपाशी बसली होती. हातमोजे कुठेत विचारलं तर म्हणाली, धुवायला टाकलेत. ते कपाटात सापडले, त्याच पिशवीत, नव्यासारखे घडी घालून ठेवलेले. मी तिचा हात ओढून एक चढवायला गेले. तो पेरांपाशी अडकला, पुढे जाईना. तेव्हा मी तो हात नीट पाहिला. पेरं आल्याच्या गड्ड्यांसारखी सुजलेली होती.

"मग त्या दिवशी कसे घातलेस?"

"साबण लावून. बांगड्या चढवतात तसे." ती हसली. "काढताना मात्र शेजारच्या सुमनला बोलवावं लागलं."

मला हसू आलं नाही. चेन्नईतल्या किती बायकांचे हात मी धरले, सुजलेले, चटके बसलेले, मेंदी लावलेले. जिने हे धरायला शिकवलं तिचा हात तीन वर्षांत एकदाही धरला नव्हता, आणि तिने ते मला कळू नये म्हणून दुखऱ्या हातांना साबण चोळला होता. मला लाज वाटली. अजून वाटते.

तिथेच बसून मी तिची मूठ दोन्ही हातांत घेतली. मोजून बावन्न टाके निघाले. म्हटलं, हे उसवते, जायच्या आधी नवे करून देते. आईने हात सोडवून पदराखाली घेतला. मग म्हणाली, "शाळेचं गाठोडं मी दिवाळीतच परत केलं. सुई धरवतच नाही, तर बोटं उघडी कशाला ठेवू? विणायचेच असतील तर बोटं झाकणारे वीण."

कुठल्या तुम्ही, असं इथे चेन्नईत कुणी विचारलं तर मी वेस्ट मांबलम सांगते, आणि ते खोटं नाही. माझी मुलगी तमिळमध्ये भांडते, माझा रविवार इथल्या बायकांचा आहे. बावन्न टाके घातलेली सुई टेबलावर आहे. मनगट झालं, तळवा झाला, आणि बोटं सुरू होतात तिथे मी महिनाभर थांबले आहे. बोटं विणायला मला आईने कधी शिकवलंच नाही. आमच्या घरात हात झाकून बसणारं कुणी नव्हतं.