म्हातारं माणूस नको

माझ्या ताईसारखी सरळ बाई शोधून सापडायची नाही. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत ती दिवसभर वाफेत उभी असते, घरी येऊन रांधते, आणि कुणाला उलटून बोलत नाही. तिच्या वाटचं मी बोलते. अशा बाईला या शहराने खोटं बोलायला लावलं, याचा मला संताप आहे.

आई गेल्यावर बाबांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. मी वसतिगृहात, एका खोलीत चौघी. म्हणजे बाबा ताईकडेच. तिची खोली तिला आणि भावजींनाच पुरेना, म्हणून ते मोठी जागा बघायला लागले. भाडी ऐकूनच डोळे पांढरे व्हायचे. परवडेल अशी एखादी मिळालीच, तर बाबांचं वय ऐकल्यावर ती नेमकी कालच गेलेली असायची. एकाने तर तोंडावर सांगितलं, "म्हातारं माणूस नको. घरात काही बरंवाईट झालं की पुढचा भाडेकरू फिरकत नाही." अरे, तुझ्या बापाला काय अमरपट्टा मिळालाय?

शेवटी एजंटच म्हणाला, "दोघंच राहणार म्हणून सांगा ना. बघायला कोण येतंय?" ताईने तसं सांगितलं. दोन खोल्या मिळाल्या, अर्धा पगार भाड्यात. बाबा सामानाबरोबर गुपचूप आले.

बघायला कोण येतंय म्हणे! घरमालकीणबाई वरच्याच मजल्यावर. आम्ही त्यांना 'सरकार' म्हणायचो. स्वतःच्या गोवऱ्या मसणात गेल्या, तरी अख्ख्या इमारतीवर पहारा. त्यांची चाहूल लागली की बाबा न्हाणीघरात जाऊन बसायचे, खोकला आला तर तोंडात टॉवेल धरून. उभ्या आयुष्यात ज्या माणसाने कुणापुढे मान खाली घातली नाही, त्याने पोरीच्या घरात चोरासारखं लपायचं!

त्या रविवारी मी तिथेच होते. सरकार भिंतीची ओल बघायला म्हणून आल्या आणि खुर्चीत ठाण मांडून बसल्या. चहा झाला, सुनेची गाऱ्हाणी झाली, तरी उठायचं नाव नाही. ताईचं सगळं लक्ष आतल्या दाराकडे. मी दातओठ खात होते. आता काहीतरी बोलणार, तेवढ्यात ताईच उठली, न्हाणीघराचं दार उघडलं आणि म्हणाली, "बाबा, बाहेर या. चहा घ्या."

बाबा भिंतीला धरून बाहेर आले. सरकारांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "फसवलंत मला. महिनाअखेर जागा रिकामी करा."

आणि बाबांनी काय करावं? त्या बाईपुढे हात जोडले! "चूक माझी आहे. मी आजच जातो. पोरीला राहू द्या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण कधी नव्हे ती ताई ओरडली, "हात खाली घ्या, बाबा! जायचं तर सगळे जाऊ."

आता पुन्हा आमची वणवण सुरू आहे. ताईचा एकच हट्ट, आधी बाबा दिसले पाहिजेत, मग भाड्याचं बोलणं. बरेच जण त्यांना बघूनच दार लोटतात. ताई म्हणते, लोटू देत. बाबा मात्र फाटकापाशी पोचलो की हातातली काठी माझ्याकडे देतात, शर्ट नीट करतात, आणि घरमालक बघत असेपर्यंत ताठ चालून दाखवतात.