खानेसुमारीतून राहिलेली माणसं

आमच्या गावच्या चाचीला माणसं मोजलेली खपत नसत. ती गावची सुईण. वडिलांपासून माझ्यापर्यंत आमच्या साऱ्या घराची नाळ तिनंच कापलेली. पण "चाची, आजवर किती बाळंतपणं केलीत?" असं कुणी विचारलं, की फाडकन म्हणायची, "मेंढरं मोजत्यात, बेल्ह्याच्या बाजारात. माणसाचं नाव घ्यावं!" आणि नावं तिला सगळ्यांची पाठ.

खानेसुमारीचा कारकून दारांवर गेरूनं आकडे घालत आला, त्याच्या आदल्या दिवशीच चाची घरोघर बजावून गेली होती, "पोरं मोजू दिऊ नगा. नजर लागती." बायकांना तेवढं पुरे झालं. कुणी वैरणीत पोरं दडवली, कुणी पाटीखाली. आम्ही भावंडं माळ्यावर तोंड दाबून बसलो होतो आणि खाली आई सांगत होती, "आमी नवराबायकूच." अंगणात आमची झबली-परकर वाळत होती. कारकुनानं तिकडं पाहिलंही नाही. त्याला उरकून राजुरीला जेवायला पोचायचं होतं.

पुढं दोन वर्षांनी बेल्ह्याहून गाडीरस्ता निघाला. आमच्या ओढ्यावर मोरी, म्हणजे लहानसा पूल, होणार, असं सगळे म्हणत होते. ओव्हरसियर आला, वही उघडून म्हणाला, "तुमच्या गावात फारशी माणसंच नाहीत. मोरी कुणासाठी बांधायची?" समोर अख्खं गाव उभं होतं! डोळ्यांपुढची माणसं वहीत शोधणाऱ्याला काय म्हणावं? आणि समजा, असतील थोडी. मग थोडी माणसं काय बुडून मरायला मोकळी असतात? रस्ता पलीकडच्या काठानं निघून गेला.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात, मोजणीनंतर लग्न झालेली माझी थोरली बहीण सखूअक्का पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. पोर आडवं आलं. चाचीनं हात लावून पाहिलं आणि सरळ सांगितलं, "हे माझ्या हातचं न्हाई. जुन्नरला डागदराकडं न्या." गाडी ओढ्यात रुतली. पाणी बैलांच्या पोटाला लागलेलं. म्हातारी चाची खाली उतरून चाकाला खांदा लावत होती. पलीकडं पोचेपर्यंत अक्का संपली. नवा रस्ता तिथून पन्नास पावलांवर होता.

गावाला राग काढायला चाची सापडली. "हिनंच पोरं लपवायला लावली," असं तिच्या तोंडावर म्हणू लागले. ती नाही म्हणाली नाही. "चुकलंच माझं," म्हणायची आणि कामाला लागायची. मला मात्र अजून संताप येतो. पोरं लपवणारे हात आमच्याच घरांतले होते. आणि त्या ओव्हरसियरला कुणी चकार शब्द विचारला नाही.

अक्काचं तेरावं झाल्यावर चाची वडिलांबरोबर चालत जुन्नरच्या कचेरीत गेली. मीही गेले. तिथल्या कारकुनापुढं उभी राहून ती म्हणाली, "भाऊ, आमच्या गावची माणसं लिवा."

"बाई, खानेसुमारी झाली. आता दहा वर्षांनी."

"तवर कोन जगतंय, कोन न्हाई. लिवा तुमी."

आणि तिनं वेशीजवळच्या घरापासून सुरुवात केली. वैरणीतली, पाटीखालची, माळ्यावरची, एकेक नाव आईबापासकट. ओढ्याकडची ठाकरांची घरंसुद्धा सोडली नाहीत. शिपाई हसायला लागला. वडील "चला आता" म्हणून खुणावत होते. ती थांबली नाही. आमच्या घराशी आल्यावर मात्र तिचा आवाज खाली गेला.

"सखू. हिला बी लिवा. मेली म्हनून सोडू नगा. मोजनीच्या दिशी ती व्हती."

कारकून वही ओढून दुसरंच काही बघू लागला.

"आन् तिच्या पोटातलं पोर," चाची म्हणाली. "त्याचं नाव ठिवायचं राह्यलं, भाऊ. त्याला नुसतं एक म्हना."

कारकुनानं टाक उचललाही नाही.