धाकटी ‘न्हाई’ म्हणाली तो दिवस

वडील गेले त्या वर्षी भावानं आम्हा दोघी बहिणींना हक्कसोडीसाठी मुखेडच्या रजिस्ट्री कचेरीत नेलं. आमच्याकडची रीतच आहे. बहिणीनं वडिलांच्या रानातला वाटा भावाला लिहून द्यायचा, भावानं साडीचोळी करायची, अन् माहेर उघडं राहायचं. मागणारी बहीण हावरट. मी तर गाडीतच जाहीर केलं, "मला ढेकूळसुद्धा नको!" पन्नाशी उलटलेली बाई, पण तोरा असा की सगळा मराठवाडा मीच दान करून राहिले.

धाकटी खिडकीतून रानं बघत होती. तिला नवऱ्यानं टाकलेलं. अहमदपुरात पत्र्याच्या खोलीत शिवणकाम करून पोट भरायची. कुणी तिची चौकशी केली की मीच उत्तर द्यायची, "बरं चाललंय की तिचं!" जाऊन बघितलं कधी नाही.

कचेरीत साहेबांनी आधी तिला विचारलं, "मावशी, राजीखुशीनं हक्क सोडता ना?"

"न्हाई."

भाऊ हसला. त्याला वाटलं, तिला प्रश्नच कळला नाही. "अगं, नुसतं हाव म्हणायचंय."

"ऐकलं मी. न्हाई म्हणले."

मी तिच्या मांडीला चिमटा काढला. ती मोठ्यानं म्हणाली, "साहेब, ही अक्का मला चिमटे काढून राहिली. ह्याला राजीखुशी म्हणतात का?"

साहेबांनी तिचा कागद बाजूला सारला. माझी पाळी आली. इथं न्हाई म्हणता येतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. अन् तरी मी काय म्हणाले? "हाव!" मशीनवर अंगठा असा दाबला की साहेब म्हणाले, "मावशी, हळू." माझी नात हे ऐकून कपाळावर हात मारते.

त्या पंचमीला मी पिशवी भरून बसले. माहेरचा फोन आला नाही, म्हणून मीच केला. भावजय म्हणाली, "वन्सं, यंदा नका येऊ. तुमच्या बहिणीनं आमची अब्रू घालवली."

"अगं, मी तर अंगठा दिला!"

"तुम्ही काय न् त्या काय." फोन बंद.

धाकटीनं पुढं भांडून आपलं दीड एकर वेगळं करून घेतलं, तिथंच दोन खोल्या बांधल्या. गेल्या पंचमीला तिनं मला बोलावलं. जेवताना मी विचारलं, "त्या दिवशी तुला भ्या वाटलं न्हाई भावाचं?"

"भावाचं कशाला? तुझं वाटलं, अक्का. तू मला हाव म्हणायला लावशील म्हणून."

घास ताटात ठेवला मी. इतकी वर्षं गावभर सांगत आले होते, धाकटीच्या वाट्याला भाऊ आडवा आला म्हणून.